समोरचे दहा फूट

उज्जैन, २७ ऑगस्ट १९९५

श्रीकांत,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या वहिनीने लिहिला आहे. माझं अक्षर पाहून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी मला भीती होती. सहा वर्षांनी लिहितोय आणि सुरुवातच लबाडीने केली. आशीर्वाद मात्र खरे आहेत.

ख्यालीखुशाली मागाहून, आधी बातमी. काल पेपरात बांधकामाच्या नव्या नियमांचा मसुदा छापून आला. तू भोपाळला त्याच खात्यात बसतोस, तुला तो कलमांच्या आकड्यांनी पाठ असेल. आमच्या कॉलनीत तो कसा पोचला, ते ऐक. मी सकाळी दारापुढच्या ओटल्यावर बसून चहा घेत होतो. पलीकडच्या गल्लीतल्या उषाताई आल्या, त्या कन्याशाळेत गणित शिकवतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "गोपाळभाऊ, उठा. तुम्ही अतिक्रमणावर बसलाय."

मी हसलो. मग त्यांनी वाचून दाखवलं. घरासमोर दहा फूट मोकळे, दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे. समोरच्या दहा फुटांत पायरीशिवाय काही असता कामा नये, आणि आहे ते हटवणार. म्हणजे आमच्या चव्वेचाळीस घरांचे चव्वेचाळीस ओटले जाणार. नवं बांधायचं तर तीस फुटी प्लॉटचे उरणार वीस फूट. उषाताई म्हणाल्या, "यात घर नाही बसत, माचिस बसते." समोरचे दहा फूट कशाला, तर गाडी उभी करायला. सगळ्या कॉलनीत मिळून एक मारुती आहे, आणि तीही सासऱ्यांनी परत मागितली आहे असं ऐकतो.

तुला वाटेल, मग दादा एवढा खुशीत का? श्रीकांत, त्याच पानावर खाली लिहिलंय की तीस दिवसांत लोकांनी आपत्ती आणि सुझाव, म्हणजे हरकती आणि सूचना, द्यावेत. आपल्याला विचारलंय! गावच्या शाळेत गुरुजी प्रश्न विचारायचे ते पुढच्या ओळीला. मी सातवीपर्यंत मागे बसलो आणि नंतर रेल्वेच्या पार्सल ऑफिसातसुद्धा मला कुणी कधी विचारलं नाही की गोपाळकृष्ण, तुम्हाला काय वाटतं. आता विचारलंय तर मी सांगणार.

मी तुझ्याकडे वशिला मागत नाही. मसुदा तूच लिहिला असलास तर तुझ्याविरुद्ध लिहीन. पण काय करतोय ते तुला कळवत जाईन, कारण मनातलं सांगायला मला दुसरं कुणी नाही.

दादा


उज्जैन, १० सप्टेंबर १९९५

श्रीकांत,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

इकडे रोज नवं काही घडतंय. तेवीस घरं आमच्याबरोबर आहेत. बाकीची विचार करताहेत, म्हणजे घाबरली आहेत. इंदूरहून एक बिल्डर घरं विकत घ्यायला येऊन गेला. त्याने प्रत्येक दारात एक रंगीत कागद वाटला, त्यावर तीन मजली इमारत आणि समोर कारंजं. दोन घरं त्या कारंज्याला भुलली.

आमच्याकडे कारंजं नाही, भेराजी मिस्त्री आहे. कॉलनीतली निम्मी घरं त्यानेच बांधली. आता सत्तरीचा आहे, पण अजून भिंतीवर नुसता हात फिरवून सांगतो की प्लास्टर उन्हाळ्यात झालं की पावसाळ्यात. त्याला विचारलं, ओटला तीनच फुटांचा का? तो म्हणाला, "एक आदमी बैठे, ने दूसरा उसके आगे से निकल जाए. बस इत्ता." मी ते वहीत लिहून घेतलं. पण उषाताईंचं समाधान नाही झालं. "भेराजी, सरकार को नाप चाहिए," त्या म्हणाल्या.

मग आम्ही मापं घ्यायला निघालो. तीन रविवार आणि मधल्या संध्याकाळी. देवास गेटच्या आतल्या गल्ल्या, पानदरिब्याकडची जुनी वस्ती, भैरवगढचे कापड छापणारे छिपे राहतात तो भाग. टेप धरायला मी, लिहायला उषाताई आणि सांगायला भेराजी. एकसष्ट ओटले मोजले. अडीच फुटांच्या आत एकही नाही, सव्वातीनच्या वर एकही नाही. कोणत्या राजाने हुकूम काढला होता? कुणीच नाही. दोनशे वर्षं माणसं एकमेकांचं बघून तेवढंच बांधत आली.

आणि ओटल्यावर काय काय चालतं, तेही लिहिलं. भैरवगढला छापलेली चादर सुकत होती. एका घरची माणसं स्मशानातून परतली होती, ती अंघोळीआधी आत कशी जाणार, म्हणून ओटल्यावर टेकली होती. एका ठिकाणी भाजीवाली आपली टोपली ठेवून शांत झोपली होती आणि घरवाली तिच्या डोक्याजवळून हळूच पाय टाकत पाणी भरत होती. माझ्या मनात आलं, ओटला म्हणजे घराने गल्लीला दिलेलं आसन आहे. घर आपलं, पण हे तीन फूट येणाऱ्याजाणाऱ्याचे. उषाताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सुंदर. पण अर्जात घालू नका, साहेब झोपतील."

दुसरी गोष्टही मोजली. शाळेतले दोन थर्मामीटर आणले. दुपारी दोन वाजता एक टांगला चौक असलेल्या जुन्या घरात, दुसरा नव्या स्लॅबच्या घरात. साडेचार डिग्रीचा फरक! दोन्ही बाजूंना पाच फुटांची गल्ली सोडली तर तिथे उंदीर आणि गंजलेले पाइप राहतात. तीच जागा मधोमध सोडली तर चौक होतो. म्हणून आम्ही मागणी अशी केली आहे: मोकळी जागा किती सोडायची ते नियमाने सांगावं, कुठे सोडायची ते घरवाल्याला ठरवू द्यावं. हे वाक्य माझं आहे. उषाताईंनी यात एक शब्द बदलला नाही.

आजपासून पितृपक्ष लागला. मापं घ्यायला हरकत नाही, पण अर्ज देणं म्हणजे नवं काम. मी सगळ्यांना म्हटलं, घटस्थापनेला देऊ. आणि बघ, पेपरात सूचना आली २६ ऑगस्टला. तीस दिवस मोजले की शेवटचा दिवस येतो २५ सप्टेंबर, म्हणजे नेमकी घटस्थापना! मला यात देवाचा हात दिसला. सगळ्यांनी मान्य केलं.

दादा


उज्जैन, १७ सप्टेंबर १९९५

श्रीकांत,

काल बाबांचं श्राद्ध झालं. खीर तुला आवडते तशी, घट्ट. वाढताना तुझ्या वहिनीने एक पान जास्त मांडलं. मी ते उचलायला सांगितलं नाही.

आज त्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवलंय. आधीच्या दोन पत्रांत मी त्याला वळसा घालून गेलो. तुझ्या ते लक्षात आलं असणार, तू लहानपणापासून वळसे पकडतोस.

तेव्हा तू इथे नोकरीला होतास. कॉलनीतल्या अतिक्रमणांची पाहणी करायला तुला पाठवलं, तुझ्या हातात लाल रंगाचा डबा होता. मला वाटलं, माझा भाऊ आहे, आपलं घर वगळेल. इतकंच नाही, मी शेजाऱ्यांना तसं सांगूनही ठेवलं होतं. हे मी तुला कधी कबूल केलं नव्हतं. तू पहिल्या घरापासून चव्वेचाळिसाव्या घरापर्यंत खूण केलीस आणि आपल्या ओटल्यावरही तेवढीच मोठी केलीस. मला राग ओटल्याचा नव्हता. मी चार लोकांत मिरवलेला शब्द खोटा पडला, त्याचा होता.

आणि आठ दिवसांनी बाबांच्या श्राद्धाला तू सोवळं नेसून बसलास, तेव्हा मी भटजींसमोर म्हणालो, "ज्या हाताने घराला खूण केलीस, त्या हाताने पिंड देऊ नकोस." तू उठलास. सोवळं तसंच दोरीवर टाकलंस आणि गेलास. पाहणीचं प्रकरण पुढे फायलीतच राहिलं, कुणी ओटला पाडला नाही. म्हणजे ज्यासाठी मी तुला उठवलं ते घडलंच नाही, आणि तू मात्र गेलास.

मी रोज पूजा करतो, दर सोमवारी महाकाळाला जातो. पण त्या दिवशी पितरांच्या समोर मी जे बोललो, ते कुठल्या पूजेने पुसेल ते मला ठाऊक नाही. मी चुकलो. एवढंच.

अर्ज तयार आहे. अकरा पानं, चार नकाशे, एकतीस घरांच्या सह्या. देवघरात ठेवलाय, कुंकू लावून. घटस्थापनेला सकाळी दहाला देणार.

दादा


उज्जैन, २२ सप्टेंबर १९९५

श्रीकांत,

काल जे झालं ते आधी सांगतो, मग श्वास घेतो!

अकराच्या सुमाराला मी पार्सल ऑफिसात होतो. कोपऱ्यावर सुहासचा पीसीओ आहे, तो स्वतः सायकल मारत स्टेशनवर आला. "काका, भोपालहून फोन होता. नाव नाही सांगितलं. म्हणाले, गोपाळकृष्णांना सांगा, तीस दिवस पेपराच्या तारखेपासून नाही मोजत, राजपत्राच्या तारखेपासून मोजतात. आणि ठेवून दिला."

मी कुणाचं नाव घेत नाही. सुहासला आवाज कसा होता तेही विचारलं नाही. फक्त एवढं समजलं की माझी पत्रं कुणीतरी फोडून वाचतंय, आणि त्या गडबडीतही मला एकदम खुर्चीत बसावंसं वाटलं.

पेपराचं कात्रण खिशातच होतं. खाली बारीक अक्षरात होतं, राजपत्रात प्रकाशित, दिनांक २२ ऑगस्ट. म्हणजे शेवटचा दिवस २१ सप्टेंबर. कालचाच! ते अक्षर मी वीस वेळा वाचलं होतं. पण मला घटस्थापना हवी होती, म्हणून मला घटस्थापनाच दिसली. देवाचा हात मी माझ्याच बोटांवर मोजला होता.

हाफ डे टाकून घरी पळालो, अर्ज घेतला, शाळेतून उषाताईंना काढलं. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "गणित मी शिकवते आणि तीस दिवस तुम्ही मोजले!"

तुमच्या खात्याच्या इथल्या कार्यालयात पोचलो तर सगळे पंखे चालू आणि खुर्च्या रिकाम्या. चौकीदार म्हणाला, "सब गणेशजी को दूध पिलाने गए." काल तुमच्या भोपाळलाही तेच असेल. सगळ्या देशात गणपती दूध पीत होता आणि माझ्या अर्जावर शिक्का मारणारे तिवारी बाबू त्याच्यापुढे रांगेत उभे होते. शिक्का कपाटात, चावी त्यांच्या जानव्याला.

बडे गणेशाची रांग हरसिद्धीच्या रस्त्यापर्यंत आली होती. तिवारीजी सापडले, हातात दुधाची लोटी, पुढे साठ-सत्तर माणसं.

"तिवारीजी, एक ठप्पा लगाना है. आज आखिरी तारीख है."

"आज? अरे पंडितजी, आज तो भगवान खुद काउंटर पे बैठे हैं. दो घंटे से खड़ा हूँ, नंबर चला जाएगा."

मला त्यांचं खरं वाटलं. इतर कुठल्या दिवशी त्या रांगेत असतो तर मीही हललो नसतो. तेवढ्यात उषाताईंनी हात पुढे केला. "लोटी इधर दो. मैं खड़ी रहती हूँ. आपके नाम से पिला दूँगी."

"आप तो मानती नहीं!"

"यह बात मैंने गणेशजी से कब कही?"

रांगेतली माणसं हसली. तिवारीजींनी लोटी दिली, वर बजावलं की थोडी तिरपी धरायची. मग त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून मी निघालो. चार वाजून वीस मिनिटांनी शिक्का बसला, आवक क्रमांक ११७. तिवारीजींनी पानावरचं कुंकू पाहिलं आणि शिक्का त्याच्यावर लागणार नाही असा बाजूला मारला.

पितृपक्षातच अर्ज दिला गेला. वाटेत मला जरा धाकधूक होती. मग वाटलं, राहत्या घरासाठी धावणाऱ्या माणसावर पितर का रागावतील? तेही शेवटी घरं बांधूनच गेले.

उषाताई सहा वाजता परतल्या. रिकामी लोटी तिवारीजींकडे पाठवली. मी विचारलं, "प्यायले का?" त्या म्हणाल्या, "हे मला विचारायचं नाही," आणि आत गेल्या. अजून सांगत नाहीत.

दादा


उज्जैन, १७ नोव्हेंबर १९९५

श्रीकांत,

काल तू समोरच होतास, तेव्हा सुनावणी तुला काय सांगायची? पण तू टेबलाच्या त्या बाजूला होतास. या बाजूने कशी दिसली ते लिहितो.

आधी तू दिसलास. केस पांढरे झालेत. मोठ्या साहेबांच्या शेजारी बसून तू कागद चाळत होतास आणि आमचा अर्ज आला तेव्हा मान वर केली नाहीस. मला बरं वाटलं. मान वर केली असतीस तर मी बोलूच शकलो नसतो.

त्या बिल्डरचे वकील म्हणाले की ओटला ही गावची सवय आहे, शहराला आता पुढे जायचंय. तेव्हा भेराजी कुणी न विचारता उठला. "साब, आगे तो जाओ. पर बीच में थक गए तो बैठोगे काँ?" साहेब हसले. तू हसला नाहीस, पण तुझं पेन थांबलं. उषाताईंनी एकसष्ट मापं आणि साडेचार डिग्री मांडली. मी माझं एक वाक्य म्हटलं, किती ते नियमाने सांगा, कुठे ते आम्हाला ठरवू द्या. माझा आवाज खोलीत शेवटपर्यंत पोचला असं मागाहून लोक म्हणाले.

साहेबांची मान हलायला लागली होती. आम्हाला वाटलं, जमलं. आणि मग तू पहिल्यांदा बोललास.

"गोपालकृष्ण जी, आपका मकान कितने फुट की सड़क पर है?"

आयुष्यात तू मला पहिल्यांदा 'जी' म्हणालास.

आमच्या अर्जात सगळ्या गल्ल्या वीस फुटी लिहिल्या आहेत. अडतीस घरांपुरतं ते खरं आहे. सहा घरं मोठ्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांतलं एक माझं. ते आम्ही लिहिलं नव्हतं. खोटं लिहिलं नाही, पण सांगितलंही नाही. उषाताईंनी माझ्याकडे पाहिलं. हो-नाही काहीतरी पुटपुटलो असतो तर कदाचित निभावलंही असतं.

मी म्हणालो, "चालीस."

"वहाँ से ट्रक जाते हैं?"

"जाते हैं. पिछले साल एक टेम्पो ओटले की कोर तोड़ गया. कोई बैठा नहीं था, भगवान की कृपा."

तू लिहून घेतलंस. "धन्यवाद," म्हणालास.

बाहेर आल्यावर दोघेतिघे माझ्यावर चिडले. एक जण म्हणाला, सख्ख्या भावाने बुडवलं. मी त्याला सांगितलं, सख्ख्या भावाने बरोबर तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. सहा वर्षांपूर्वी मला हे म्हणता आलं नाही, काल सहज आलं. घरी येताना टावर चौकात सगळ्यांना कचोरी खिलवली. तुझ्या वहिनीला वाटलं, आम्ही जिंकलो.

दादा


उज्जैन, २५ फेब्रुवारी १९९६

श्रीकांत,

राजपत्राची प्रत आली! या वेळी तारीख आधी वाचली.

तीस फुटांपेक्षा अरुंद गल्लीत तीन फुटांपर्यंत ओटला ठेवता येईल. लहान प्लॉटवर बाजूची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडता येईल, आणि बाजूची मोकळी जागा घराच्या आत, चौक म्हणून सोडता येईल. श्रीकांत, त्यात जवळजवळ माझंच वाक्य आहे, सरकारी हिंदीत. मी ते उभं राहून वाचलं. उषाताईंनी पहिल्यांदा स्वतः वाचलं, मग भेराजीला वाचून दाखवलं, मग त्याने त्यांना पुन्हा वाचायला लावलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मतलब जो हम करते थे, वो अब कर सकते हैं?" हो. तेवढंच. पण त्याला सहा महिने लागले आणि चव्वेचाळीस घरं एकमेकांना ओळखू लागली. कारंजं आवडलेली दोन घरंसुद्धा काल पेढे घेऊन आली.

अडतीस ओटले राहिले. मोठ्या रस्त्यावरचे सहा जाणार, त्यांत माझा. नोटीस येण्याची वाट मी पाहिली नाही. गुरुवारी सुट्टी काढली आणि पहिली फर्शी मीच उचलली. वाईट वाटलं. भाजीवाली दारात येऊन थबकली, म्हणाली, "भैया, अब?" तिला पलीकडच्या गल्लीतला उषाताईंचा ओटला दाखवला. ती गेली, पण माझ्याकडे मागे वळून बघत गेली.

मात्र मला दुःख करत बसायला वेळ नाही. मधली अंधारी खोली आठवते ना, जिथे दुपारीही दिवा लागतो? तिच्यावर गर्डर आणि फर्शा आहेत. भेराजी म्हणतो, फर्शा काढल्या की आठ बाय दहाचा चौक मिळतो. आमच्या घरात आकाश येणार! त्याच्या बदल्यात बाजूचे पाच फूट बांधता येतात आणि वर एक खोली चढवता येते. नक्शा मी स्वतः काढलाय, रीतसर मंजूर करून घेतलाय, तिवारीजींनी शिक्का मारताना काही विचारलंही नाही.

फक्त जिना राहिलाय. नक्शात तो दोन्हीकडून दाखवलाय, त्यावर आमचं भांडण आहे. उषाताई म्हणतात, बाहेरून काढा, वर भाडेकरू ठेवता येईल. भेराजी म्हणतो, चौकातून काढा. तुझी वहिनी म्हणते, आधी वर कोण राहणार ते सांगा. तिचं बरोबर आहे. बाहेरून जिना असला तर वरच्या माणसाला आमच्याशी बोलल्याशिवाय येता-जाता येईल. चौकातून असला तर त्याला रोज स्वयंपाकघराच्या दारावरून जावं लागेल, आणि कुणीतरी विचारणारच, जेवलास का.

वरची खोली तुम्हा नवराबायकोसाठी आहे, तू आणि केतकी याल तेव्हा. दोन दिवस या, नाहीतर सुट्टीभर या. खिडकी उत्तरेला ठेवतोय.

भेराजी सोमवारी, चार तारखेला, जिन्याची आखणी करायला दोरी धरणार आहे. त्याच्या आदल्या दिवशी रविवार आहे. भोपाळहून सकाळची गाडी साडेदहाला येते आणि मी स्टेशनवरच असतो. पत्राने कळवू नकोस. जागेवर उभा राहा आणि सांग, जिना कुठून काढू.

दादा